कुलूपही छान आहे

काटेपिंपळ नगरपंचायतीचे वरिष्ठ लिपिक देवीदास मालोकार यांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकदाच विनोद केला. तो सहा शब्दांचा होता आणि त्याला कोणीही हसलं नाही.

झालं असं. काटेपिंपळच्या आठवडी बाजारात बायांसाठी संडास-मुतारी बांधली गेली. कागदोपत्री तिचं नाव 'महिला प्रसाधनगृह'. फेब्रुवारीत नगराध्यक्षा गीतांजलीताईंच्या हस्ते फीत कापली गेली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि मंडपवाल्यानं कनाती गुंडाळायच्या आत दाराला कुलूप लागलं. मे महिना उजाडला तरी ते तसंच होतं. मालोकारांना याचा पत्ता लागला तो सांभारामुळे. दर मंगळवारी ऑफिस सुटलं की ते बाजारात माणिकबाईकडून सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी घेत आणि मग अकोल्याची बस धरत. माणिकबाई तेल्हाऱ्याकडची. घरच्या वाडीतला भाजीपाला घेऊन ती पहाटेच्या गाडीनं यायची आणि दिवस मावळेपर्यंत एकाच पोत्यावर बसून असायची. त्या दिवशी ऊन इतकं होतं की वांगी बसल्या जागी शिजतील असं वाटत होतं. मालोकारांनी आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यापुढे केलं, तर तिनं मान हलवली. बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही, म्हणाली. काहून, असं मालोकारांनी विचारलं नाही. तिची नजर त्या कुलपाकडे गेली, त्यांचीही गेली, आणि ते सांभार घेऊन बसस्टँडकडे निघाले.

त्यानंतरचा रविवार. मालोकार अकोल्यात जठारपेठेतल्या आपल्या घरी, बनियनवर, कूलरसमोर बसले होते. नळाचं वेळापत्रक गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं काम त्यांच्याकडेच होतं. 'काटेपिंपळ विकास मंच', चारशे बारा सदस्य, ॲडमिन गीतांजलीताईंचे यजमान जीवनभाऊ. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मालोकारांनी तिथं लिहिलं, 'उद्या प्रभाग तीनला पाणी येईल. आदेशावरून.' पाच मिनिटांनी जीवनभाऊंनी प्रसाधनगृहाचा फोटो टाकला. समोर रांगोळी, दाराला झेंडूचं तोरण, खाली मजकूर: 'माताभगिनींच्या सन्मानासाठी कटिबद्ध.' तोरणाच्या बरोबर मधोमध, झेंडूच्या दोन फुलांमधून, कुलूप चकाकत होतं.

मालोकारांच्या अंगात त्या क्षणी काय शिरलं, हे त्यांना पुढं तीन वेगवेगळ्या लेखी खुलाशांतही सांगता आलं नाही. दहा वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी लिहिलं:

'फोटो छान आहे. कुलूपही छान आहे.'

लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. हे बरं वाटणं एकोणीस मिनिटं टिकलं. मग स्वयंपाकघरातून वच्छलाबाई हातात फोन घेऊन आल्या. ग्रुपवर त्याही होत्या, कारण नवऱ्याची काटेपिंपळला नेमकी काय कामं चालतात हे त्यांना नवऱ्याकडून कधीच कळत नसे.

"हे तुमी लिहून राहिले?" त्यांनी विचारलं. "रिटायर व्हाले चार वर्सं राह्यले तुमचे."

मालोकारांनी तो मजकूर पुसून टाकला. आता ज्यांना व्हॉट्सअ‍ॅपची माहिती आहे त्यांना कळेल, की पुसलेल्या मजकुराइतका वाचला जाणारा मजकूर दुसरा नाही. त्यांच्या नावाखाली 'हा संदेश हटवला आहे' अशी पाटी लागली आणि ज्यांनी तो वाचला नव्हता ते वाचलेल्यांना फोन करू लागले. दुपारी जेवणं होईपर्यंत काटेपिंपळात त्या सहा शब्दांचे नऊ पाठभेद फिरत होते. त्यातल्या एकात गीतांजलीताईंचा उल्लेख होता. दुसऱ्यात मालोकारांनी त्या कुलपाला चक्क हार घातला होता.

सोमवारी मुख्याधिकारी आकांक्षा मॅडमनी त्यांना बोलावलं. मॅडम पुण्याकडच्या, वय अठ्ठावीस, हे त्यांचं पहिलंच पोस्टिंग. त्यांनी शांतपणे सांगितलं, की वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला शासनाच्या कामावर जाहीर टीका करता येत नाही, समाजमाध्यमांबाबत स्वतंत्र परिपत्रकही आहे, तेव्हा कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल. ऑपरेटर रजेवर होता. आस्थापनेचा मजकूर एरवी मालोकारच तयार करत. त्यामुळे नोटीसही त्यांनीच टाईप केली. मॅडमनी 'आपण केलेले कृत्य अशोभनीय' असं लिहून दिलं होतं. मालोकारांनी ते 'अशोभनीय व बेजबाबदारपणाचे' केलं, कारण जुन्या नमुन्यात दोन्ही शब्द असत आणि एकच ठेवला तर वाक्य अर्धवट वाटतं. मग त्यांनी तिला जावक क्रमांक दिला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन ती स्वीकारली, पोच म्हणून सही केली आणि परत येऊन पोच फाईलला लावली.

जठारपेठेत संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. शेजारचे सहदेवकाका वीज मंडळातून निवृत्त झालेले, नोटिसांच्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा. त्यांचं म्हणणं, खुलाशात लिहावं की सदर मजकूर प्रशंसापर आहे. फोटो छान आहे ही फोटोची स्तुती, कुलूप छान आहे ही कुलपाची स्तुती, आणि कुलूप नगरपंचायतीनं घेतलेलं असल्यानं ती पर्यायानं नगरपंचायतीची स्तुती. खालच्या मजल्यावरचा मेडिकलवाला नितेश म्हणाला, फोन हॅक झाला म्हणून लिहा, मी पोलिसात ओळख काढतो. वच्छलाबाई म्हणाल्या, सरळ पाय धरा. मुलगी आचल अमरावतीला वकिली शिकत होती. तिनं फोनवर संविधानाचं एकोणिसावं कलम वाचून दाखवलं आणि सांगितलं, बाबा, खरं तेच लिहा. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरून, स्वतःच्या फोनवरून, एक नागरिक म्हणून मत मांडलं.

मालोकारांना मुलीचा अभिमान वाटला. आयुष्यात प्रथमच त्यांना आपण नागरिक आहोत असं जाणवलं. त्यांनी तसंच लिहिलं, शब्दन् शब्द.

दोन दिवसांनी दुसरी नोटीस आली. पहिल्या नोटिशीचा खुलासा समाधानकारक नसल्याचं तीत होतंच. शिवाय, आपण 'जठारपेठ, अकोला येथील स्वतःच्या घरी' असल्याचं कबूल केलं आहे, तर मुख्यालयी राहत असल्याचा जो दाखला आपण दरवर्षी देता तो कशाचा, अशी विचारणा होती. त्या दाखल्याप्रमाणे मालोकार काटेपिंपळात भागीरथाबाईंच्या घरी भाड्यानं राहत होते. एक खोली, पुढं ओसरी. तीच खोली कागदोपत्री पाणीपुरवठ्याच्या, करवसुलीच्या आणि बांधकामाच्या बाबूंनीही भाड्यानं घेतलेली होती. भागीरथाबाईंनी चौघांपैकी कोणालाही त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं, पण सत्तरी ओलांडलेली ती बाई भिडस्त होती आणि जो मागेल त्याला दाखल्यावर अंगठा देत असे. मालोकारांनी दुसऱ्या नोटिशीला एकापाठोपाठ दोन खुलासे दिले.

हे सगळं एका माणसाच्या कानावर गेलं नसतं तर कदाचित निभावलं असतं. तो माणूस म्हणजे खुशालराव. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा पायजमा, खांद्यावर शबनम आणि तिच्यात माहिती अधिकाराचे कोरे अर्ज. रस्त्यात गाय दिसली तरी ती कोणत्या ठरावानं आली हे विचारणारा माणूस. मालोकारांना ते मनापासून चांगलं मानत. आणि मालोकार नगरपंचायतीचे जन माहिती अधिकारी होते, म्हणजे असे अर्ज घेणं आणि तीस दिवसांत उत्तर देणं हे त्यांचंच काम होतं.

"मालोकार साहेब, घाबरू नोका," खुशालराव टेबलाशी बसून म्हणाले. "तुमच्यासाठीच अर्ज टाकून राह्यलो. तुमाले यातून काढल्याशिवाय मी गप्प बसत नाई."

अर्जात मागणी होती: विकास मंच या ग्रुपवर कर्मचाऱ्यांनी टाकलेल्या सर्व संदेशांच्या, हटवलेल्यांसह, प्रती. खुशालरावांचा डाव असा होता, की ऑफिसनं प्रत दिली तर सगळ्या गावाला खरा मजकूर कळेल, आणि तो खाजगी आहे म्हणून नाकारली तर नोटीसच रद्द होईल. डाव उत्तम होता. फक्त प्रत द्यायची की नाकारायची हे ऑफिसनं नव्हे, मालोकारांनी ठरवायचं होतं.

ते चार आठवडे मालोकारांनी कसे काढले ते वच्छलाबाईंनाच माहीत. जेवताना मध्येच त्यांचा घास थांबे. मजकूर सार्वजनिक दस्तऐवज आहे असं म्हटलं, तर तो आपण अधिकारी म्हणून लिहिला हे कबूल केल्यासारखं होतं, आणि नोटीस खरी ठरते. खाजगी आहे म्हटलं, तर मुख्यालयाचा प्रश्न पुन्हा वर येतो, कारण खाजगी ते कुठून, तर जठारपेठेतून. शिवाय दहा चाळीसचा नळाचा निरोप त्याच फोनवरून, त्याच बनियनवर, त्याच खुर्चीतून गेला होता आणि तो निःसंशय सरकारी होता. म्हणजे दहा चाळीसला सरकारी असलेला माणूस दहा बावन्नला खाजगी कधी झाला? मधल्या बारा मिनिटांत त्यांनी फक्त एक कप चहा घेतला होता.

एकोणतिसाव्या दिवशी त्यांनी 'वैयक्तिक माहिती असल्यामुळे देता येत नाही' असं उत्तर लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. खुशालरावांनी अपील केलं. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासाठीच आहे, असं त्यांनी अपिलाची पोच घेताना सांगितलं. सोबत आणखी एक अर्ज दिला: मुख्यालयी न राहणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची यादी. एकट्या मालोकारांवर अन्याय होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

त्या दिवसापासून ऑफिसात मालोकारांशी कोणी बोलेनासं झालं. करवसुलीच्या बाबूनं त्यांचा चहा सांगणं बंद केलं. बांधकामवाले त्यांच्या टेबलावर फाईल ठेवायचे ती हातभर अंतरावरून टाकायचे. जीवनभाऊंनी ग्रुपची सेटिंग बदलून टाकली, आता तिथं फक्त ॲडमिनलाच लिहिता येत असे. प्रभाग तीनच्या नळाचा निरोपही मालोकार जीवनभाऊंना पाठवत आणि ते त्यात स्वतःचा फोटो जोडून पुढं टाकत. चारशे बारा माणसं गप्प झाली आणि त्याचं खापर फुटलं ते पुन्हा मालोकारांवरच. चहाच्या टपरीवर लोक म्हणत, या बाबूनं आमचं गुड मॉर्निंगही बंद केलं.

अपिलाची सुनावणी मॅडमसमोर झाली. एका बाजूला खुशालराव, दुसऱ्या बाजूला मालोकार. मॅडमनी दोन्ही बाजू ऐकल्या, नियमाचं पुस्तक उघडलं, मिटलं. मग खुशालरावांना बाहेर थांबायला सांगून त्या म्हणाल्या, "मालोकार, ते कुलूप मलाही दिसतं. मी दोनदा तोंडी सांगून पाहिलं. लेखी विचारलं तर माझी बदली कुठं होईल ते तुम्हाला माहीत आहे. मला तर त्या ग्रुपवर अंगठाही दाखवता येत नाही."

आपल्या आचलपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी ही पोरगी, तिच्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवलेला. मालोकारांनी उगाच त्यावरचं झाकण सरळ केलं आणि बाहेर आले.

आदेश तीन दिवसांनी निघाला. ग्रुपवर नळाचं वेळापत्रक दिलं जात असल्यानं तो कार्यालयीन कामासाठी वापरला जातो, म्हणून त्यावरचा मजकूर हा दस्तऐवज आहे, जन माहिती अधिकाऱ्यांनी तो सात दिवसांत द्यावा. पण मजकूर तर पुसला होता. तो कोणाच्याही फोनमध्ये नव्हता, होता फक्त मालोकारांच्या डोक्यात. तेव्हा ज्याअर्थी जन माहिती अधिकारी व मजकुराचे लेखक एकच आहेत, त्याअर्थी त्यांनी तो स्मरणातून लिहून प्रमाणित करावा, असं आदेशात पुढं होतं.

मालोकारांनी कोरा कागद घेतला. सुवाच्य अक्षरात सहा शब्द लिहिले. खाली 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. डावीकडे लेखक म्हणून सही केली, उजवीकडे जन माहिती अधिकारी म्हणून, आणि दोन्ही सह्या जुळतात की नाही हे सवयीनं एकदा तपासून पाहिलं. एकोणीस मिनिटं जगलेला मजकूर आता अभिलेखात गेला, पान क्रमांक एकशे सात, जतन वर्ग 'अ', म्हणजे कायमस्वरूपी. ती प्रत त्यांनी खुशालरावांना दिली आणि पोच घेतली.

खुशालरावांनी तिचा फ्लेक्स केला. दहा बाय सहाचा, बसस्टँडसमोर. मधोमध ते सहा शब्द, खाली शिक्का, दोन सह्या, आणि तळाला मोठ्या अक्षरात 'श्री. देवीदास मालोकार, जन माहिती अधिकारी यांचे जाहीर अभिनंदन'. मालोकार सकाळच्या बसमधून उतरले आणि पहिल्यांदा त्यांना वाटलं आपण वारलो. गावात एवढ्या मोठ्या अक्षरात नाव एरवी त्याच वेळी लागतं.

फ्लेक्स दुपारी उतरवला गेला. संध्याकाळी मालोकारांच्या सेवापुस्तकात 'ठपका ठेवण्यात येत आहे' ही ओळ चढली, ती नोंद त्यांनीच केली. मुख्यालयाच्या प्रकरणात मात्र मॅडमनी सगळ्यांना एकच शिक्षा दिली: दाखल्यात लिहिलंय तिथं राहायचं. त्यामुळे पुढच्या सोमवारपासून चौघे बाबू भागीरथाबाईंच्या त्या एका खोलीत खरोखर राहायला गेले. चार गाद्या अंथरल्या की दार उघडत नसे. तिघं एकमेकांशी बोलत, चौथ्याशी नाही. घराला संडास एकच, तोही मागं, आणि रांग भागीरथाबाईपासून सुरू व्हायची. चोपन्न वर्षांचे मालोकार रोज सकाळी हातात बादली घेऊन शेवटच्या नंबरवर उभे राहू लागले. आठव्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडून दिलं. हे त्यांनी वच्छलाबाईंना फोनवर सांगितलं नाही. तब्येत बरी आहे, म्हणाले.

माहिती अधिकाऱ्याचं काम तेवढं कोणी त्यांच्याकडून काढून घेतलं नाही, कारण ते घ्यायला कोणी तयार नव्हतं.

असा श्रावण आला. एका मंगळवारी ते बाजारात गेले. आता बस धरायची घाई नव्हती. माणिकबाई होती, पुढ्यात दोडकी आणि सांभाराच्या जुड्या, मागं भिंत, भिंतीला ते दार. झेंडूचं तोरण वाळून काळं पडलं होतं. फ्लेक्सची गोष्ट तिनं ऐकली होती, वाचता येत नव्हतं म्हणून कोणालातरी विचारलीही होती. तुमाले माह्यापायी तरास झाला, असं काहीसं ती म्हणाली. मालोकार म्हणाले, तसं काही नाही.

मग तिनं जुड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, "पन साहेब, याची किल्ली कोनापाशी हाये?"

मालोकारांनी मनातल्या मनात हिशेब केला. दोन नोटिसा, तीन खुलासे, एक अपील, एकशे सात पानं. एवढ्या कागदांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. खुशालरावांनी नाही, मॅडमनी नाही, त्यांनी स्वतःही नाही. त्यांना एकदम हुरूप आला. तिथंच पोत्याच्या कडेवर बसून त्यांनी तिच्या नावानं अर्ज लिहिला: 'महिला प्रसाधनगृहाच्या कुलपाची किल्ली कोणाच्या ताब्यात आहे.' तिचा अंगठा घेतला, फी माफीसाठी पिवळ्या रेशनकार्डाचा नंबर टाकला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन तो अर्ज स्वतःकडे दाखल केला आणि कामाला लागले.

बांधकामाला विचारलं. त्यांनी लेखी कळवलं, इमारत स्वच्छता विभागाकडे हस्तांतरित. स्वच्छतेनं कळवलं, हस्तांतरण झालं, किल्ली मिळाली नाही. ठेकेदाराला पत्र गेलं, ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. जीवनभाऊंना तोंडी विचारलं, ते म्हणाले आम्ही फक्त फीत कापली. साठा नोंदवहीत बघितलं, तर कुलूप खरेदीची नोंदच नव्हती. म्हणजे ते कुलूप नगरपंचायतीचं नव्हतंच. कोणाचंही नव्हतं. मालोकारांनी सगळी कपाटं उपसली. सव्विसाव्या दिवशी त्यांनी उत्तर लिहिलं, कारण दुसरं लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मंगळवारी ते उत्तर घेऊन बाजारात गेले आणि माणिकबाईला वाचून दाखवलं: 'मागणी केलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.'

"मंजे कोनापाशीच नाई?"

"कोनापाशीच नाई."

ती त्या दाराकडे बघत बसली. ऊन उतरलं होतं, पलीकडं दोन बाया घाईघाईनं आपापला माल झाकत होत्या.

"मंग कुलूप लावलं काहून?"

मालोकारांनी सांगितलं, की कायद्यात काहून विचारता येत नाही. कोणी, कधी, कुठं, एवढंच विचारता येतं.

"बरं," माणिकबाई म्हणाली. "मंग कोनं लावलं?"

"त्याच्यासाठी वेगळा अर्ज करा लागते," मालोकार म्हणाले. "तीस दिवस लागतात."

माणिकबाईनं दोडक्यांची पाटी उचलून बाजूला सरकवली आणि पोत्यावर जागा करून दिली. मालोकार बसले, खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.